विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे ज्याला धड घरदार नाही अशा माणसाविषयी काहीशा उपहासाने योजिली जाते. ज्याचे बिऱ्हाड पाठीवर तो स्थिर नव्हे, आणि जो स्थिर नव्हे तो भरवशाचाही नव्हे, असा गावगाड्याचा जुना निवाडा तिच्यात दडलेला आहे. अलीकडे मात्र या म्हणीस विलक्षण उलटे वळण लागू पाहत आहे. निजावयाचे पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, शौचकूप आणि हवा गार करण्याचे यंत्र ज्यात बसविले आहे अशी मोटार घेऊन सहकुटुंब बाहेर पडावे, मनास येईल तेथे मुक्काम करावा आणि उजाडताच पुढे निघावे, हे आता दारिद्र्याचे नव्हे तर सुबत्तेचे लक्षण मानले जाते. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा गाड्यांसाठी व त्या उभ्या करावयाच्या जागांसाठी स्वतंत्र धोरण आखले. केरळनेही त्याच वर्षी तोच मार्ग धरिला. ज्या बिऱ्हाडाला काल हसत होतो त्याला आज सरकारदरबारी मान मिळावा, हा पालट कसा घडला याचा शोध घेऊ लागले असता आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासाकडे सहजच दृष्टी वळते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. या गाडीस इंग्रजीत कॅरॅव्हॅन म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी. कारवान म्हणजे चोराचिलटांच्या भयाने एकमेकांच्या सोबतीने वाट चालणारा मोठा समुदाय. तो इंग्लंडात पोहोचल्यावर कालांतराने झाकलेल्या गाडीस लागू झाला, आणि पुढे त्याचे शेपूट तोडून व्हॅन असा स्वतंत्र शब्दही निपजला. 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टराने केवळ हौसेखातर ब्रिस्टल येथे घोड्यांनी ओढावयाचे एक फिरते घर बांधवून घेतले व त्याचे नाव ‘वाँडरर’ असे ठेविले. वाट मोकळी आहे की नाही हे पाहण्यास त्याचा नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जात असे. इंग्लंडात या हौशी लोकांचा क्लब 1907 साली स्थापन झाला. पुढे घोड्याची जागा मोटारीने घेतली. भाषाशास्त्रज्ञ ज्याला अर्थसंकोच म्हणतात त्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. हजारांचा तांडा दाखविणारा शब्द आकसत आकसत चार माणसांच्या एका खोलीपुरता उरला!

परंतु चाकांवरच्या न्हाणीचा मान इंग्रजास देण्याचे कारण नाही. अबुल फझलाने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविले आहे की, एका हत्तीने ओढावयाची, आत अनेक स्नानगृहे असलेली मोठी गाडी अकबराने करविली होती. बादशाही तळाचा एक संच हलविण्यास काय लागे, याचीही यादी त्याने दिली आहे: 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल, शिवाय तंबू उभारणारे 1000 फर्रास, 500 बेलदार, 100 पाणके, 50 सुतार व 150 झाडूवाले. असे संच दोन असत. बादशहा एका तळावर असता दुसरा संच पुढे जाऊन सज्ज राही, म्हणजे धन्याला घर सोडल्याचा भास देखील होऊ नये.

हे फिरते राजधानीचे शहर आमच्या जिल्ह्याने चांगलेच अनुभवले आहे. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूर येथे जो किल्ला आहे तो त्याचीच खूण होय. शेजारच्या ब्रह्मपुरीस औरंगजेबाने इस्लामपुरी असे नाव दिले आणि 1695 पासून 1699 पर्यंत तेथे तळ दिला. त्याच 1695 साली, बादशहा कृष्णाकाठी गलगले येथे असता, जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी त्यास भेटला; त्याने छावणीचा परीघ तीस मैलांचा लिहून ठेविला आहे. एवढ्या माणसांस व जनावरांस दाणावैरण कोठून येत असेल, आणि ज्या गावांच्या शिवारांत हे शहर येऊन बसे त्या गावांचे काय होत असेल, याची कल्पना आमच्याकडच्या शेतकऱ्यास इतिहासाच्या पुस्तकावाचूनही करता येईल. मुक्कामाची जागा निवडणे हा केवळ बलाचा प्रश्न होता. यजमानास कोणी विचारीत नसे.

नदीने मात्र एकदा हिशेब केला. सातारा व परळी हे किल्ले घेऊन बादशहा 1700 साली सांगोल्याकडील खवासपूर येथे माण नदीच्या काठी उतरला. माणदेशातील ही नदी बहुधा कोरडी. तिच्या पात्राचा पसारा पाहून तंबू ठोकण्याचा मोह कोणासही व्हावा. लष्कराचे तंबू पात्रात व काठाने पसरले. 1 ऑक्टोबरच्या रात्री डोंगराकडील पावसाचे पाणी एकाएकी लोटले. आरडाओरडा ऐकून, मराठे छावणीत शिरले असे समजून बादशहा घाईने उठला, ठेचकाळला आणि त्याचा गुडघा निखळला. तो थोडासा लंगडेपणा त्यास जन्मभर पुरला. तैमूरलंगाचा हा वारसा होय, असे म्हणून खुशमस्कऱ्यांनी त्याचे समाधान केले म्हणतात. खुशमस्कऱ्यांची बुद्धी सर्व काळी सारखीच तल्लख असते.

या तळांना धान्य पुरविणारे जे बंजारे, त्यांच्याविषयी इतिहासकार दोन ओळींहून अधिक लिहीत नाहीत. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून, बायकामुलांसह तांडा घेऊन ते देशभर फिरत; कारवान या शब्दाचा खरा अर्थ जगले ते हे लोक. 1860 साली सोलापुरास आगगाडी आली आणि बैलाच्या पाठीवरील व्यापार हां हां म्हणता बुडाला. सोलापूरच्या आसपास ज्या वस्त्यांच्या नावात आजही तांडा हा शब्द आहे, त्या चालता चालता थांबलेल्या आहेत.

इंग्रज अमलात तंबूचे दोन भाग पडले. एक साहेबाचा. हिवाळा लागला की जिल्ह्याचे अधिकारी राहुट्या, खाटा, दप्तरे आणि स्वयंपाकी घेऊन दौऱ्यावर निघत, आमराईत मुक्काम करीत, तेथेच कचेरी भरवीत. त्यास राज्यकारभार म्हणत. दुसरा भाग कैकाडी, पारधी, टकारी इत्यादी फिरत्या लोकांच्या पालांचा. त्यास गुन्हा म्हणत. 1871 साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 मध्ये विस्तारून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभी राहिली. आत राहणाऱ्यांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून बाहेर पडू नये आणि गिरण्यांत काम करावे, अशी व्यवस्था होती. जन्मास येताच माणूस गुन्हेगार ठरे, आणि त्या गुन्ह्याचा मोठा पुरावा हाच की त्याचे घर एका जागी राहत नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. सेटलमेंट हे नाव मात्र शहराच्या त्या भागास आजही चिकटून आहे. रिक्षावाल्यास तेवढे सांगितले की पुरते. आमच्या शहरातील सुशिक्षित मंडळी हे नाव रोज उच्चारतात आणि त्याचा अर्थ मनात आणीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते.

बळाचा मुक्काम आणि संशयाचा मुक्काम यांहून निराळा असा तिसराही मुक्काम या जिल्ह्यात आहे, आणि तोच सर्वांत टिकाऊ ठरला. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. त्याची शिस्त लष्करी, पण दंड मात्र नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात आणि मुक्कामाचा तंबूही येतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, असे आमच्या जिल्ह्यातील तळ ठरलेले. आणि गाव स्वतः होऊन भाकऱ्यांची चवड घेऊन सामोरे येते. तळ देणाऱ्यास येथे लुटले गेल्याची नव्हे, तर आपली पाळी आल्याची भावना असते.

या वारीचा संसार गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळ बदलला. बैलगाडीच्या जागी दिंडीचा ट्रक आला. तंबू, भांडी, गॅसच्या शेगड्या व शिधा घेऊन तो पुढे जातो आणि माणसे पोचण्यापूर्वी राहुट्या उभ्या राहतात. म्हणजे मोगली पेशखान्याची युक्ती अखेर वारकऱ्यांच्या कामी आली. पाण्यासाठी टँकर आले, फिरती शौचालये आली. पूर्वी पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटातच राहुट्या पडत. नदीची घाण थांबावी म्हणून न्यायालयाने त्यास प्रतिबंध केल्यावर पलीकडे 65 एकरांचा तळ सिद्ध झाला. 2021 च्या नोव्हेंबरात पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यात पायी चालणारांसाठी बाजूस वेगळी वाट योजिली आहे. 2020 साली महामारीमुळे दशमीच्या दिवशी मोजक्या माणसांसह पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीस आल्या. त्या दिवशी गाडी होती, रस्ता होता, वेळेवर पोचणेही झाले. गावे मात्र दारे लावून आत बसली होती, आणि ती वारी झाली असे म्हणण्यास कोणाचीच जीभ रेटली नाही.

नव्या मोटारघराविषयी आमचा आक्षेप असलाच तर तो एवढाच. त्यात पाणी, शिधा व शेज सारेच बरोबर असल्यामुळे गावाकडे काही मागावयाचे उरत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांस घेऊन निघणाऱ्या कुटुंबास, विशेषतः त्यातील स्त्रियांस, रस्त्यावर स्वच्छ न्हाणी मिळणे ही लहान सोय नव्हे. आमच्या पिढीने धर्मशाळांचे जे हाल सोसले ते पुढच्यांनी सोसावेत, असे कोण म्हणेल? शासनाच्या धोरणात गाड्यांच्या तळावर पाणी, वीज व शौचालये असावीत असे म्हटले आहे, तेही योग्यच.

पण दसरा-दिवाळी झाली की याच जिल्ह्यात आणखी एक तळ पडतो. मराठवाड्याकडून, मुख्यतः बीडकडून, ऊसतोड करणारी कुटुंबे बैलगाड्यांनी व ट्रॅक्टरांनी येतात आणि साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या उभारतात. बांबूच्या कामट्या, चटई, उसाचे पाचट, वर प्लास्टिकचा कागद, एवढाच त्या घराचा सरंजाम. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल आधीच खर्चून गेलेली असते. पहाटेच्या अंधारात बाई तीन दगडांवर भाकऱ्या भाजून फडात निघते, आणि आडोशासाठी तिला त्याच अंधाराचा आधार असतो. पाच-सहा महिने मुले तेथेच वाढतात, काही तेथेच जन्मतात. पाणी, वीज व शौचालय हे तीन शब्द येथेही पुष्कळदा उच्चारले गेले आहेत. कारखान्याचा पट्टा पडला की कोप्या मोडतात, कामट्या व भांडी गाडीस बांधली जातात, मागे चुलींचे काळे दगड राहतात, आणि चार-सहा दिवसांत जमिनीचा मालक तेथून नांगर फिरवितो.