वापर, वावर आणि व्यापारचिन्ह

ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह. त्याची नोंदणी झाली, पण मालकाने ते वापरलंच नाही, तर दुसऱ्या कुणाच्या अर्जावरून ते नोंदवहीतून काढून टाकता येतं. ही तरतूद मराठीत सांगताना ‘व्यापार’ हा शब्द नकळत दोनदा येतो, कारण ‘वापर’ हाही मुळात ‘व्यापार’च.

संस्कृतात व्यापार म्हणजे नुसती देवघेव नव्हे. कोणतंही काम, कोणतीही हालचाल. धातूच्या अर्थात एक फळ असतं आणि ते घडवणारा एक व्यापार असतो, अशी फोड वैयाकरण करतात. मनोव्यापार, इंद्रियांचे व्यापार यांत तो जुना अर्थ अजून ताजा आहे. नसत्या उठाठेवीला आपण ‘अव्यापारेषु व्यापार’ म्हणतो, तिथेही खरेदी-विक्रीचा संबंध नसतो.

प्राकृतात या शब्दाचा ‘वावार’ झाला. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणं ही प्राकृताची नेहमीची चाल; दीपाचा दिवा झाला, तापाचा ताव झाला. त्याच वाटेने मराठीत ‘वावर’ आणि ‘वावरणे’ आले. विदर्भात, खानदेशात शेताला वावर म्हणतात: जिथे काम चालतं ती जमीन. ‘वापर’मध्ये मात्र ‘प’ टिकला आणि कामाचा अर्थ उपयोगाकडे सरकला.

१९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ४७ या शब्दकुळाशी फार इमान राखून आहे, असं मला वाटतं. चिन्ह नोंदवहीत प्रत्यक्ष चढल्यापासून सलग पाच वर्षं किंवा त्याहून अधिक काळ त्याचा खराखुरा वापर झाला नसेल, तर बाधित व्यक्ती ते काढून टाकण्यासाठी अर्ज करू शकते. अर्जाच्या आधीचे तीन महिने या हिशेबातून वगळलेले आहेत. अर्ज येतोय याची कुणकुण लागताच मालकाने घाईघाईने चार खोकी बाजारात पाठवली, तर ती त्याच्या कामी येऊ नयेत. नूतनीकरण दहा वर्षांनी होतं, पण त्यासाठी शुल्क पुरतं, वापराचा पुरावा लागत नाही. म्हणूनच हा अर्ज मोलाचा. सातबाऱ्यावर सात नंबरात मालकी असते आणि बारा नंबरात पीक; कलम ४७ बारा नंबर दाखवा म्हणतं. चांगली चांगली नावं नुसती अडवून बसणाऱ्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वावर पडीक राहिलं म्हणजे धन्याची चूकच असते असं नाही, हेही कायद्याला कळतं. व्यापारातल्या विशेष परिस्थितीमुळे वापर थांबला असेल, तर चिन्ह वाचतं. ‘स्पार्टन’ या रंगांच्या चिन्हाबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली आयातीवरच्या निर्बंधांना तशी परिस्थिती मानलं.

पण अर्धवट वापराचं काय? हैदराबादच्या वझीर सुलतान टोबॅको कंपनीने ‘चारमिनार’ हे नाव तंबाखूच्या तयार मालासाठी नोंदवलं होतं. कंपनी विकत होती फक्त सिगारेट. त्याच नावाने जर्दा आणि किमाम विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने नोंदीला आव्हान दिलं. तंबाखू हा शब्द ऐसपैस आहे. त्यात विडी येते, तपकीर येते, जर्दा येतो. एवढ्या मोठ्या शब्दावर हक्क सांगायचा आणि त्यातली एकच वस्तू बनवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अमान्य केलं. नोंद पुसली नाही, आखडती केली. ‘चारमिनार’ कंपनीकडेच राहिलं, पण नोंदीतला माल उरला फक्त सिगारेट.