आईचा आडवा हात ते एअरबॅगचा दिवा



आपल्या बचत गटांत पूर्वी शिलाई मशीनसाठी, म्हशीसाठी, पोरांच्या फीसाठी कर्ज मागितलं जाई. आता जुन्या चारचाकीसाठीही अर्ज येतात. कोणाला भाजी बाजारात न्यायची असते, कोणाच्या घरधन्याला भाडं मारायचं असतं. गाडी बघायला गेलं की आपण रंग बघतो, टायर बघतो, कागद बघतो. स्टिअरिंगच्या मागे पेटणाऱ्या एका छोट्या दिव्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. त्या दिव्यावर बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा असं चित्र असतं. हा एअरबॅगचा दिवा. तो गाडीत कुठून आला, ते आज आपण समजून घेऊ.

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत होते. १९५२ साली जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीने निघाले होते. रस्त्यातला दगड चुकवताना गाडी चरात गेली. त्या क्षणी नवराबायको दोघांनीही मुलीच्या पुढे हात आडवा धरला. एसटीत करकचून ब्रेक लागला की आपलाही हात मांडीवरच्या लेकरापुढे असाच जातो. हेट्रिक यांनी विचार केला, हे काम हाताऐवजी हवेच्या पिशवीने का करू नये? १९५३ साली त्यांना पेटंट मिळालं. पण त्याची मुदत संपली तरी विक्रीच्या गाड्यांत पिशवी आली नव्हती.

अडचण होती वेळेची. धडक बसल्यावर पापणी लवायच्या आत पिशवी फुगायला हवी. १९६८ साली अ‍ॅलन ब्रीड यांनी धडक ओळखणारा सेन्सर बनवला, तेव्हा वाट मोकळी झाली. दरम्यान १९५९ साली व्होल्वो कंपनीचे नील्स बोहलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा आणला होता. पिशवी नीट काम करते ती या पट्ट्याची जोडीदार म्हणून. पट्टा नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि जोरात फुगणाऱ्या पिशवीवरच आदळतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत पिशवीच्या फटक्याने काही लहान मुलांचे आणि स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्या बुटक्या बायकांचे जीव गेले. त्यानंतर नियम बदलले. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, मुलांना मागे बसवावं, हा सल्ला त्यातूनच आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. गुजरातहून मुंबईकडे येणारी एक महागडी गाडी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागच्या सीटवर बसलेले सहप्रवासी जागीच गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. तोच महामार्ग आपल्या वसई-विरारच्या उशाशी आहे. मागच्या सीटचा पट्टा कायद्याने आधीपासूनच सक्तीचा होता, न लावल्यास १,००० रुपये दंडही होता. चर्चा मात्र चारोटीनंतर सुरू झाली.

आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकापुढची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटचा नियम २०२१ साली आला. त्यामुळे त्याआधीची जुनी गाडी घेताना एअरबॅग आहे का, हेच आधी विचारावं लागतं.

आणि असली, तर ती चालेल कशावरून? पिशवी वर्षानुवर्षं गप्प पडून असते, फोडून बघता येत नाही. म्हणून गाडीतला छोटा संगणक स्वतःच तारा आणि सेन्सर तपासतो आणि दिव्याने सांगतो. चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंद पेटून विझला, तर तपासणी ठीक. पेटलेलाच राहिला, लुकलुकला किंवा मुळीच पेटला नाही, तर बिघाड समजा. अपघातात पिशवी उघडणार नाही, अशी शक्यता असते.

कारण कधी साधं असतं. सीटखालचा जोड ढिला होतो, स्टिअरिंगमधली तार झिजते, बॅटरी उतरते. २०१८ च्या जुलैसारखा पाऊस झाला आणि गाडीत पाणी शिरलं, तर सीटखालचे जोड गंजतात. कधी आधीच्या अपघातात फुटलेली पिशवी बदललेलीच नसते. विकणाऱ्याने दिवा काढून टाकला असेल, तर तो चावी फिरवूनही पेटत नाही. म्हणून ‘पेटत नाही म्हणजे चांगलं’ असं समजू नका.

घरी तारा ओढू नका. पिशवीत स्फोटक द्रव्य असतं. एअरबॅगचा स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरला न्या, दोष काय निघाला ते बिलावर लिहून घ्या. नुसता दिवा विझवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कंपनीने ते मॉडेल दुरुस्तीसाठी परत बोलावलं आहे का, हेही विचारा. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं द्रव्य उष्ण-दमट हवेत खराब होऊन धोकादायक ठरलं, म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. काही भारतातही. आपली हवा दमटच आहे. ही दुरुस्ती कंपनी फुकट करून देते.

दुरुस्ती होईपर्यंत पट्टा पुढेही लावा, मागेही लावा. दिवा पेटलेला असला तरी पट्टा धरून ठेवतोच.

आमच्या गटांनी गाडीच्या कर्जअर्जात आता एक ओळ वाढवली आहे: ‘चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला का?’ उत्तर अर्जदार बहिणीने स्वतः बघून लिहायचं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत ही ओळ मांडून बघा.