पुण्याचे नाक

उतारवयात ओघळलेला चेहरा व मान कोणत्या शस्त्रक्रियेने सावरावी, असे आज विचारले जाते. त्या विद्येचा एक धागा पुण्यास पोचतो. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचा मराठा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक कापले गेले. सुश्रुताने गालाची कातडी सांगितली होती. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाची घेतली. भुवयांमध्ये जोडलेलीच ठेवून ती खाली वळविली. रक्त पोचत राहिल्याने ती जगली. १७९४ साली हा वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये आला, १८१४ साली कार्प्यूने तीच रीत तेथे यशस्वी केली. चंडीगडच्या उत्तरेस कांगड्याच्या वैद्यांतही ही विद्या होती. ते नाक तारुण्यासाठी नव्हते, चारचौघांत तोंड दाखविण्यासाठी होते. आपणांस यांपैकी काय हवे, हे निवड करणाऱ्याने आधी ठरवावे.