पोटाला घड्याळ कळत नाही

मंडळी, मनवेलपाड्यात पहाटे फिरायला निघालं की पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यांतल्याच एकाने आम्हाला विचारलं, "सर, रोज दोन केळी खाऊन तासाभराने धावतो, काही होत नाही. चाचणीच्या दिवशी तेच खाल्लं, तेवढ्याच वेळाने धावलो, आणि उलटी झाली. असं का?" आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न मन आणि शरीर यांच्या नात्याचा आहे, म्हणजे आमच्या अंगणातलाच. त्याचा इतिहास आज पाहू.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात म्हटलंय की, पथ्याचं अन्न बेताने खाल्लं तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. सूत्रस्थानात व्यायाम कोणी टाळावा याची यादी आहे. तिच्यात भुकेला आणि तहानलेला माणूस आहे, तसाच राग, दुःख, भीती यांनी ग्रासलेलाही आहे. म्हणजे पोट, मन आणि व्यायाम यांचा हिशोब त्या परंपरेने एकाच वहीत मांडला.

युरोपात सतराव्या शतकात देकार्तने मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं मानली. ती फाळणी टिकते का, हे पुढे पोटानेच तपासलं असं म्हणता येईल. 1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक कायम राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून अनेक वर्षं जठर पाहिलं आणि 1833 मध्ये पुस्तक लिहिलं. रागाने पचन बिघडतं, हलक्या व्यायामाने सुधारतं, दमवणाऱ्या श्रमाने मंदावतं, ही त्याची निरीक्षणं. पुढे वॉल्टर कॅननने हार्वर्डमध्ये क्ष-किरणांखाली मांजरांची जठरं पाहिली. मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबे. शांत झालं की पुन्हा सुरू होई. 1915 च्या ग्रंथात त्याने याचं कारण मांडलं: संकट दिसलं की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं, आणि पचन बाजूला ठेवतं.

आता त्या मुलाकडे वळू. धावताना रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतंच. पण त्या दिवशी भीतीने पोटाचं काम आधीच थांबवलं होतं. घड्याळात तास झाला होता. केळी मात्र तिथंच होती. आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं. लाळ सुकणं ही तर पचनाची पहिलीच पायरी अडणं.

आपल्या मातीतलं एक नाव घ्यायलाच हवं. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली व्यायाम शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया त्यांनी क्ष-किरणांखाली तपासल्या आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. योग प्रयोगशाळेत तपासता येतो, हे त्यांनी दाखवलं. जठराला हुकूम देता येत नाही; श्वास मात्र थोडाफार आपल्या हाती असतो. तो संथ केला की भीतीचा जोर ओसरू लागतो.

हा नुसता पुस्तकी विषय नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे जीव गेले. त्यामागे ऊन होतं, इतरही कारणं होती. सगळं पोटावर ढकलू नये. पण दूरगावाहून आलेला, फलाटावर झोपलेला, घाबरलेला मुलगा कसा खातो, किती झोपतो, हे कुणी विचारायला हवं की नको? "मन घट्ट कर" एवढं सांगून भागत नाही.

त्या मुलाला आम्ही इतकंच सांगितलं: चाचणीच्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर आणि कमी खा, नवीन काही खाऊ नकोस, आणि पहिला घास घेण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बस. उलटी झाली म्हणून तू भित्रा ठरत नाहीस, बाळा. तुझं पोट तुझ्या मनाचं ऐकत होतं, एवढंच.