कलम १७५ आणि एक मूकपट

१९१८ च्या नोव्हेंबरात कैसर विल्हेल्म हॉलंडात निघून गेला आणि बर्लिनमध्ये लोकप्रतिनिधींचे जे नवे मंडळ अधिकारावर आले, त्याने पहिल्याच आठवड्यात सेन्सॉरची पद्धत बंद केल्याचे जाहीर केले. नाटक असो, पुस्तक असो वा चित्रपट असो, लोकांपुढे येण्यापूर्वी तो पोलीस-अधिकाऱ्याच्या मेजावरून जाण्याचे कारण उरले नाही. हा मोकळेपणा अवघा दीड वर्ष टिकला. परंतु तेवढ्या अवधीत जर्मन चित्रपटाने असे काही विषय पडद्यावर आणले, की ज्यांचा उच्चारही सभ्य घराच्या दिवाणखान्यात होत नसे.

युद्धात हरलेल्या, उपाशी आणि निराश झालेल्या त्या शहरात चित्रगृहे मात्र तुडुंब भरत. वेश्याव्यवसाय, गुप्तरोग, अफू, कोकेन ह्या विषयांवर ‘ज्ञानप्रसारक’ ह्या नावाखाली चित्रपटांची रांग लागली. त्यांतील पुष्कळांचा ज्ञानाशी संबंध जाहिरातीपुरताच होता, हे सांगितलेच पाहिजे. रॉबर्ट राइनर्ट ह्याचा ‘ओपियम’ हा १९१९ चा चित्रपट घ्या. अफूच्या व्यसनाने माणसाचा कसा नाश होतो हे दाखविण्याचा त्याचा हेतू सांगितला जाई. पण प्रेक्षक गर्दी करीत ते धुंदीतल्या स्वप्नदृश्यांसाठी, आणि त्या दृश्यांत अर्धनग्न अप्सरा नाचत होत्या. व्यसनाचा निषेध करता करता त्याचेच प्रदर्शन मांडावयाचे, ही युक्ती तेव्हापासून आजतागायत जुनी झालेली नाही.

ह्याच गर्दीत, ह्याच वर्षी मे महिन्यात, एक निराळा मूकपट बर्लिनमध्ये प्रथम दाखविण्यात आला. त्याचे नाव ‘आंडर्स आल्स डी आंडर्न’, म्हणजे ‘इतरांहून निराळा’. त्याचा दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड हा व्हिएन्नाचा. तो काही साधुपुरुष नव्हता. कोणता विषय खपेल ह्याचे त्याला व्यापाऱ्याचे नाक होते. युद्धकाळात उपदंशावर चित्रपट काढून त्याने चांगले यश मिळविले होते. परंतु ह्या खेपेस त्याने सल्लागार म्हणून जो मनुष्य जोडीस घेतला, त्याच्यामुळे चित्रपटाला निराळेच वजन आले. ते गृहस्थ म्हणजे डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड.

हिर्शफेल्ड ह्यांचा जन्म १८६८ चा, बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबेर्ग गावी, एका यहुदी वैद्याच्या घरी. स्वतः वैद्यकी सुरू केल्यावर त्यांच्याकडे येणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने लग्नाच्या आदल्या दिवशी आत्महत्या केली आणि मागे डॉक्टरांच्या नावे पत्र ठेवले, असे ते पुढे सांगत. त्या तरुणाचा ओढा स्त्रियांकडे नव्हता, पुरुषांकडे होता. जर्मनीच्या १८७१ च्या दंडसंहितेतील १७५ व्या कलमाप्रमाणे पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधास तुरुंगाची शिक्षा होती. स्त्रियांचा त्या कलमात उल्लेख नव्हता. हिर्शफेल्ड ह्यांनी १८९७ मध्ये मंडळी जमवून हे कलम रद्द करण्यासाठी अर्ज तयार केला. १८९८ साली समाजवादी पुढारी ऑगस्ट बेबेल ह्यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष राइशस्टागमध्ये उपस्थित केला; पुढे आइन्स्टाइन व थॉमस मान ह्यांच्यासारख्यांनीही अर्जावर सह्या केल्या. तथापि कलम जागचे हलले नाही.

त्या कलमाखाली तुरुंगात जाणाऱ्यांपेक्षा त्याच्या भीतीने पिळले जाणारे कितीतरी अधिक होते. शिक्षेपेक्षा बोभाट्याची धास्ती मोठी. ज्याला एखाद्याचे गुपित कळले, त्याला जन्माची कमाई मिळाली असे समजावे. धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांचा एक वर्गच बर्लिनमध्ये ह्या कलमावर पोसला जात होता, आणि ओस्वाल्ड व हिर्शफेल्ड ह्यांनी कथेचा सारा भार नेमका त्याच्यावर ठेवला.

कथा साधी आहे. पाउल क्योर्नर हा नामांकित व्हायोलिनवादक. आरंभीच तो वर्तमानपत्र चाळताना दिसतो. त्यात आत्महत्यांच्या लहान लहान बातम्या आहेत. कारण कोणीच दिलेले नाही, किंवा कळण्यासारखे नाही म्हणून सोडून दिलेले आहे. क्योर्नरला मात्र कारण कळते. त्याच्या डोळ्यांपुढून माणसांची एक मिरवणूक जाते. तीत लिओनार्दो दा विंची आहे, चायकोव्हस्की आहे, ऑस्कर वाइल्ड आहे, आणि सर्वांच्या माथ्यावर ‘१७५’ हा आकडा टांगलेला आहे.

कुर्ट हा तरुण त्याच्याकडे शिष्य म्हणून येतो. दोघांत स्नेह जडतो. बागेत फिरताना त्यांना बोलेक नावाचा इसम पाहतो आणि क्योर्नरच्या दारी येऊन उभा राहतो. क्योर्नर पैसे देतो. मागणी वाढते, तो पुन्हा देतो. शाळेच्या वसतिगृहातून ह्याच कारणासाठी आपणांस कसे काढून टाकले, संमोहनाने ‘बरे’ करणाऱ्या वैद्याचे उंबरठे कसे झिजविले, हे त्याला आठवत राहते. अखेर एक दिवस तो नाही म्हणतो आणि बोलेकविरुद्ध फिर्याद करतो. बोलेक उलट त्याच्यावर १७५ वे कलम लावतो. न्यायाधीश निर्दय नाही. बोलेकला तीन वर्षांची शिक्षा होते. पण कायद्यापुढे न्यायाधीशाचाही इलाज नसतो, आणि क्योर्नरलाही एक आठवड्याची कैद भोगण्यास सांगण्यात येते. तेवढा एक आठवडा त्याचे आयुष्य संपविण्यास पुरेसा होतो. जलशांची आमंत्रणे रद्द होतात, ओळखीचे तोंड फिरवितात, आणि तो विष घेतो. त्याच्या शवापाशी कुर्टही मरावयास निघतो, तेव्हा एक डॉक्टर त्याला आवरतो व सांगतो की, तुला जगलेच पाहिजे, हा कायदा बदलण्यासाठी जगले पाहिजे. हे डॉक्टर म्हणजे स्वतः हिर्शफेल्ड. मूळ चित्रपटाच्या शेवटी दंडसंहितेचे पान उघडे पडलेले दिसे आणि एक हात कुंचल्याने १७५ व्या कलमावर काट मारी.

क्योर्नरची भूमिका कोनराड फाइट ह्याने केली. त्याच वर्षी तो ‘ओपियम’मध्येही होता. उंच, कृश, मोठ्या डोळ्यांचा हा नट मूकपटाच्या त्या अतिशयोक्त अभिनयपद्धतीतही हाताच्या एखाद्या हालचालीने मन हेलावून सोडतो. कुर्टच्या बहिणीचे काम करणारी आनिटा बेर्बर ही नर्तकी पडद्याबाहेर कोकेनच्या व्यसनात बुडत चालली होती. १९२८ साली, तिशीही न गाठता, ती वारली. चित्रपटात दोष नाहीत असे नाही. मध्येच हिर्शफेल्ड ह्यांचे व्याख्यान येते आणि कथा थांबते. ‘मधल्या लिंगा’विषयीचे त्यांचे सिद्धांत तर आज शास्त्रज्ञ जसेच्या तसे मान्य करणार नाहीत. परंतु संपूर्ण चित्रपटात सभ्य गृहस्थाने मान खाली घालावी असे एकही दृश्य नाही. गुरू शिष्याचा हात हाती घेतो, ह्यापलीकडे तेथे काही घडत नाही.

आणि तरीही वादळ उठले ते ह्याच चित्रपटावर. गावोगावी खेळ उधळण्यात आले. आरडाओरडा करणाऱ्यांत सैन्यातून परतलेले तरुण होते आणि यहुदीद्वेष त्यांच्या घोषणांत उघड होता. दिग्दर्शक यहुदी, डॉक्टर यहुदी, मग चित्रपट म्हणजे जर्मन तरुणांना नासविण्याचा कट, असा तो हिशेब. १९२० च्या ऑक्टोबरात म्यूनिक येथे व्याख्यानानंतर हिर्शफेल्ड ह्यांना इतके मारण्यात आले की, ते मेल्याचे वृत्त पसरले. शुद्धीवर आल्यावर त्यांना वर्तमानपत्रांत स्वतःचीच मृत्युवार्ता वाचावयास मिळाली.

त्यापूर्वीच, १९२० च्या मे महिन्यात, चित्रपटांसाठी सेन्सॉरचा नवा कायदा झाला होता. ‘इतरांहून निराळा’ तपासणीस आला, तेव्हा तज्ज्ञ म्हणून एमिल क्रेपेलिन ह्यांच्यासारख्या जगप्रसिद्ध मानसरोगतज्ज्ञाचे व आल्बर्ट मोल ह्यांचे मत घेण्यात आले. दोघांचेही मत प्रतिकूल पडले. हा चित्रपट पाहून तरुण मने त्या मार्गाकडे वळतील, असे मंडळास वाटले. निकाल असा झाला की, डॉक्टर व संशोधक ह्यांच्याव्यतिरिक्त कोणासही तो दाखवू नये. येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. अश्लीलता हे कारण असते, तर दृश्ये कापून भागले असते. कापण्याजोगे दृश्य नव्हते म्हणूनच संपूर्ण चित्रपट बंद करावा लागला. ज्याला कायद्याने गुन्हेगार ठरविले आहे, त्याच्याविषयी प्रेक्षकांच्या मनात करुणा उत्पन्न होते, हाच त्याचा अपराध होता.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक असलेल्या काळोखात शिरते. १९२९ साली राइशस्टागच्या समितीने कलम रद्द करण्याच्या बाजूने मतही दिले होते. अंमलबजावणी होण्यापूर्वीच राजकारणाची चक्रे उलटी फिरली. १९३३ च्या मे महिन्यात हिर्शफेल्ड ह्यांची बर्लिनमधील संशोधनसंस्था विद्यार्थ्यांनी लुटली आणि चार दिवसांनी तिची पुस्तके चौकात जाळली. डॉक्टर तेव्हा परदेशी होते. पॅरिसच्या एका चित्रगृहात वार्तापट लागला असता त्यांनी आपल्या ग्रंथालयाची होळी पडद्यावर पाहिली. १९३५ साली नीस येथे, आपल्या ६७ व्या वाढदिवशीच, ते वारले. त्याच वर्षी नाझी सरकारने १७५ वे कलम अधिक कडक केले. त्याखाली सुमारे ५० हजार पुरुषांस शिक्षा झाल्या आणि हजारो छळछावण्यांत गेले. युद्ध संपले, हिटलर गेला, तरी नाझींनी कडक केलेले हे कलम पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत जसेच्या तसे चालू राहिले आणि त्याचा शेवटचा अवशेष १९९४ मध्ये पुसला गेला. फाइट ह्याची पत्नी यहुदी होती. तो इंग्लंडास व तेथून अमेरिकेस गेला, आणि १९४२ च्या ‘कासाब्लांका’त नाझी मेजरची भूमिका करून पुढच्याच वर्षी मरण पावला.

इंग्लंडात असाच कायदा होता व त्यालाही लोक ‘खंडणीखोरांची सनद’ म्हणत. तेथे १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने तो सैल करण्याची शिफारस केली. १९६१ साली बेसिल डिअर्डन ह्याच्या ‘व्हिक्टिम’ ह्या चित्रपटात डर्क बोगार्ड ह्या लोकप्रिय नटाने धमकीखोरांचा माग काढणाऱ्या बॅरिस्टरचे काम केले. तो बॅरिस्टर स्वतःही त्याच फासात अडकलेला आहे. कथेचा सांगाडा बेचाळीस वर्षांपूर्वीच्या जर्मन मूकपटाचाच वाटतो. मात्र ह्या खेपेस चित्रपट दडपला गेला नाही आणि १९६७ मध्ये इंग्लंडचा कायदा बदलला.

इंग्रजांनी हाच कायदा १८६० साली ३७७ व्या कलमाच्या रूपाने हिंदुस्थानास दिला होता. १९३१ मध्ये हिर्शफेल्ड आपल्या जगप्रवासात हिंदुस्थानात येऊन गेले. त्या काळी मुंबईत प्रा. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत होते व वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना निर्भीड उत्तरे देत होते. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना दंड झाला, पण मासिक बंद पडले नाही. पडद्यावर हा विषय आपल्याकडे फार उशिरा आला. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त, १९८२ साली, महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या नात्याचा प्रसंग आहे; संबंध चित्रपटात तो लहानसाच, पण संयमाने हाताळलेला. दीपा मेहतांचा ‘फायर’ १९९८ च्या अखेरीस मुंबईत लागला तेव्हा चित्रगृहांची मोडतोड झाली आणि सेन्सॉर मंडळाने पूर्वीच संमत केलेला तो चित्रपट पुन्हा तपासणीस गेला. १९९९ च्या आरंभी एकही कात्री न लावता तो परत आला. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम रद्द केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

ओस्वाल्डचा मूळ चित्रपट आज कोणासही संपूर्ण पाहता येत नाही. १९२७ मध्ये हिर्शफेल्ड ह्यांनी ‘प्रेमाचे कायदे’ नावाचा दुसरा चित्रपट तयार करताना जुन्या चित्रपटाचा संक्षेप त्यात घातला होता. त्याची एक प्रत युक्रेनियन मथळ्यांसह सोव्हिएत देशात गेली आणि तेथील संग्रहात राहिली म्हणून तेवढी वाचली. ती मूळच्या निम्म्याच्या आसपास भरते. म्यूनिकच्या चित्रपट-संग्रहालयाने व पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाने तीवरून चित्रपट पुन्हा जुळविला आहे. जेथे दृश्ये नाहीत तेथे जुनी छायाचित्रे व लेखी मथळे घातले आहेत. क्योर्नर वर्तमानपत्र उघडून त्या कारण न दिलेल्या बातम्या वाचतो, तो प्रसंग मात्र शाबूत आहे.