लाल तार, काळी तार

यूपीएसचे चार स्क्रू काढले की आत अर्ध्या विटेएवढी सीलबंद बॅटरी दिसते. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवर. तिच्या लाल आणि काळ्या तारा डब्याबाहेर ओढून मोठ्या बॅटरीला जोडल्या, की दहा-पंधरा मिनिटांचा बॅकअप काही तासांवर जातो. कर्जत-खालापुरात हे काम दुरुस्तीच्या टपरीवर होतं.

वीज गेली की अशा जुगाडावर घर चालवायची वेळ आमच्यावरच यावी, हे मला फार लागतं. खोपोलीचं टाटांचं वीजगृह 1915 साली सुरू झालं. वळवण, शिरोता तलावांतलं पावसाचं पाणी 500 मीटरांहून अधिक खाली उतरायचं, आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजगृह आलं. आमच्या भातखाचरांवरून तारा गेल्या. आणि 2005 नंतरच्या भारनियमनात त्याच तारांखालच्या घरांत मुलं मेणबत्तीपाशी अभ्यास करत होती.

इन्व्हर्टर सगळ्यांना परवडत नव्हता. ऑफिसातून भंगारात निघालेला यूपीएस मात्र स्वस्तात मिळे. बहुतेकदा मेलेली असे ती फक्त आतली बॅटरी. बाहेरची बॅटरी लावायची बुद्धीही जुनीच. वीज न पोचलेल्या वाड्यांवर लग्नाचा भोंगा गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरच वाजायचा. शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची ही बॅटरी मूळची फ्रान्सची, गास्ताँ प्लाँते यांनी 1859 मध्ये केलेली.

पण यूपीएसचा डबा काही मिनिटांपुरताच घडवलेला असतो. तासन्‌तास चालवला तर ट्रान्सफॉर्मर हात लावू देत नाही, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा त्याच्या अंगाला बसवतात. 600 व्हीएच्या डब्यावर पूर्ण भार टाकला तर बॅटरीतून 30 अँपिअरच्या वर करंट ओढला जातो. तार बारीक असेल तर वितळते. आतला चार्जर एक अँपिअरसुद्धा धड देत नाही. 150 अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी झाली तर त्याच्यावर भरायला आठवडा लागेल, म्हणून वेगळा चार्जर घ्यावाच. बॅटरीवर चालताना यूपीएस दर थोड्या वेळाने टीं-टीं करतो, ते रात्री सहन होत नाही. बझरची तार बहुतेक जण पहिल्याच दिवशी कापतात.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगतो. काही यूपीएसमध्ये बॅटरीच्या तारा मेनलाइनपासून अलग नसतात. बॅटरी आत बंद असते तोवर ठीक. ती बाहेर काढली आणि टोकं उघडी राहिली, तर रांगणाऱ्या पोराचा हात तिथे जाऊन शॉक बसू शकतो. टोकांवर झाकण हवंच. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजनही निघतो. ती देवघरातल्या दिव्याशेजारी ठेवू नये, पडवीत ठेवावी.

2023 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. त्यात भिवपुरीचा 1,000 मेगावॉटचा प्रकल्प आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने डोंगरावर चढवायचं, कमी पडली की पुन्हा सोडायचं. त्यातली किती वीज पायथ्याच्या वाड्यांवर थांबेल, हे मला आधी विचारायचं आहे.