पायाच्या जखमांचे डिजिटल छायाचित्रण

पायाच्या जखमांचे डिजिटल छायाचित्रण म्हणजे पायावरील जखमा, घट्टे, कुरूप किंवा भेगा यांची ठरावीक पद्धतीने वेळोवेळी छायाचित्रे घेऊन ती रुग्णाच्या नोंदींत जतन करणे होय. मधुमेह व कुष्ठरोग यांत मज्जातंतूंना इजा होऊन पाय बधिर होतात. काटा रुतला किंवा चप्पल चावली तरी कळत नाही. तळव्यावरची जखम रुग्णाला सहसा दिसतही नाही. त्यामुळे छायाचित्राचा पहिला उपयोग खुद्द रुग्णालाच होतो.

पद्धत

हळद, मलम किंवा पू यांचा थर असल्यास जखमेच्या कडा दिसत नाहीत. म्हणून ती आधी स्वच्छ करतात. मृत ऊती काढायच्या असल्यास त्यापूर्वी व नंतर अशी दोन छायाचित्रे घेतात. जखमेशेजारी सेंटिमीटरची कागदी पट्टी ठेवून तीवर नोंदणी क्रमांक, तारीख आणि डावा-उजवा पाय लिहितात. कॅमेरा जखमेशी काटकोनात धरावा लागतो, कारण तिरक्या कोनातून जखम प्रत्यक्षाहून लहान भासते. अंतर व प्रकाश दर वेळी सारखे ठेवतात. फ्लॅशमुळे ओली जखम चकाकून रंग बदललेला दिसतो.

लांबी-रुंदीच्या गुणाकाराने क्षेत्रफळ फुगते. 4 × 3 सेंमी लंबवर्तुळाकार जखमेचे क्षेत्रफळ 12 नव्हे, सुमारे 9.4 चौसेंमी असते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, मधुमेही पायाची जखम पहिल्या 4 आठवड्यांत किती आक्रसते यावरून ती 12 आठवड्यांत भरेल की नाही याचा चांगला अंदाज येतो. तुलना करता येईल अशी छायाचित्रे इथेच कामी येतात.

मर्यादा

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे उसाच्या पट्ट्यातील शहर आहे. अशा भागातील शेतमजुराला तपासणीसाठी वारंवार सांगली-मिरजेला जाणे म्हणजे मजुरी बुडवणे. साहजिकच मोबाइलवरून छायाचित्र पाठवण्याचा मार्ग सोयीचा वाटतो. तथापि छायाचित्रातून जखमेची खोली, हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग, पायाची नाडी, उष्णता व दुर्गंधी कळत नाही. सावळ्या त्वचेवरील लालीही सहज निसटते. डेन्मार्कमधील 401 रुग्णांच्या चाचणीत (2015) दूरस्थ देखरेखीखालील जखमा नेहमीच्या उपचारांइतक्याच भरल्या, परंतु त्या गटात मृत्यू अधिक झाले व त्याचे कारण स्पष्ट झाले नाही. काळवंडलेले बोट, ताप किंवा वर चढणारी सूज असल्यास प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.

भारताच्या 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी छायाचित्रे रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींचा भाग असून ती जतन करण्याची जबाबदारी डॉक्टरांवर आहे.